जॅपनीज कोर्सची लेव्हल कशी निवडायची? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ॲडमिशनचे फॉर्म सुटले की माझा फोन याच प्रश्नांनी भरतो, मॅडम सर्टिफिकेट घेऊ का डायरेक्ट डिप्लोमा, मॅडम एन५ (जेएलपीटी या जॅपनीजच्या परीक्षेची सगळ्यात खालची लेव्हल) झालंय आता पुढे काय. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक टाकून मोकळी. हे सगळं विद्यापीठाच्या कोर्सबद्दल आहे, पण प्रायव्हेट क्लास लावणाऱ्यांनाही बरंचसं चालेल. फी, तारखा, सीट किती वगैरे इथे नाहीये, ते बदलत राहतं, ते विभागाच्या वेबसाइटवरच बघा.

मला काहीच येत नाही, हिरागाना-काताकाना तेवढं यूट्यूबवर बघून केलंय. कुठली लेव्हल?

पहिली. सर्टिफिकेट, लेव्हल वन, बिगिनर, जे काही नाव असेल ते. लिपी येते म्हणजे भाषा येते असं नाही, ४६ हिरागाना आणि ४६ काताकाना हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे आणि सगळ्या कोर्सची सुरुवात तिथूनच होते. पण केलंय ते वाया गेलं नाही हां, बॅचमधली बाकीची मंडळी अक्षरं गिरवत असताना तुम्ही ऐकण्याकडे लक्ष देऊ शकता, आणि तो फायदा खूप मोठा असतो.

सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा म्हणजे एन कितवं?

साधारण सर्टिफिकेट संपलं की एन५च्या आसपास, डिप्लोमा संपला की एन४, ॲडव्हान्स्डनंतर एन३कडे वाटचाल. पण हे "साधारण" जरा जोरात वाचा. सर्टिफिकेट हे विद्यापीठाचं नाव आहे आणि एन५ हे जेएलपीटी या जपानच्या परीक्षेचं, दोघांनी बसून एकमेकांशी काही ठरवलेलं नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे जॅपनीज आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आहे, आणि अजून बऱ्याच ठिकाणी आहे. सगळीकडे डिप्लोमा या एकाच नावाखाली थोडं थोडं वेगळं शिकवलं जातं. त्यामुळे नावावर जाऊ नका, सिलॅबस मागा आणि पुस्तकाचा कितवा धडा कुठल्या लेव्हलला संपतो ते बघा.

धड्यावरून लेव्हल कशी ओळखायची?

हा खरा कामाचा प्रश्न आहे म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिन्ना नो निहोंगो हे पुस्तक चालतं. त्याच्या सुरुवातीच्या पातळीचे दोन भाग, पहिल्यात धडे १ ते २५ आणि दुसऱ्यात २६ ते ५०. पहिला भाग म्हणजे ढोबळमानाने एन५, दुसरा म्हणजे एन४. गेंकी वापरत असाल तर त्यात एकूण २३ धडे, पहिल्या भागात १२.

आता पुस्तक बंद करा आणि स्वतःला तपासा. पहिलं थांबायचं ठिकाण धडा १४, म्हणजे ते-फॉर्म, क्रियापदाचं आपल्या "करून", "खाऊन"सारखं रूप. काकु, नोमु, इकु, आणि घरी परतणे या अर्थाचं काएरु, या चारांचे ते-फॉर्म तोंडाने पटापट म्हणा. काइते, नोन्दे, इत्ते, काएत्ते असं अडखळल्याशिवाय आलं तर पुढे चला. काएरुचं "काएते" केलंत किंवा बोटांवर मोजत नियम आठवत बसलात तर तुमची लेव्हल पहिलीच आहे, मग पुस्तक तुम्ही २५व्या धड्यापर्यंत वाचलेलं का असेना.

दुसरं ठिकाण धडा २०, मित्रांशी बोलायचा साधा फॉर्म. काल दिवसभरात काय केलं ते "मासु" हा नम्रतेचा प्रत्यय न लावता पाच-सहा वाक्यांत सांगून बघा, आणि त्यातलं एखादं तरी वाक्य नकारार्थी भूतकाळातलं असू दे. इथे निम्मी जनता गळते. जमलं तर दुसऱ्या लेव्हलचा दरवाजा उघडा आहे.

तिसरं ठिकाण दुसऱ्या भागात, धडा ३७चा कर्मणी प्रयोग, ४८चा प्रयोजक आणि शेवटच्या दोन धड्यांतली आदरार्थी भाषा. हे नुसतं ओळखता येणं आणि वापरता येणं यात फार अंतर आहे. ओळखता येतंय पण तोंडात येत नाही असं असेल तर डिप्लोमाच घ्या, ॲडव्हान्स्डला उडी मारू नका.

कॉलेजमध्ये ओपन इलेक्टिव्ह म्हणून दोन क्रेडिटचं जॅपनीज केलंय. ते धरून लेव्हल टू मिळेल का?

हिशोब करा. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, दोन क्रेडिट म्हणजे ३०. जेएलपीटीची जुनी पद्धत होती तेव्हा सगळ्यात खालच्या लेव्हलसाठी १५० तास अभ्यास धरायचे. म्हणजे तुमचं झालंय एक पंचमांश, तेही कॉलेजच्या गॅदरिंग-सबमिशनच्या सुट्ट्या वजा न करता. क्रेडिट मार्कशीटवर छान दिसतं, घ्या जरूर, पण लेव्हल पहिलीच.

एन५ पास आहे, चांगल्या मार्कांनी. पण समोर कोणी जपानी माणूस आला तर तोंडातून शब्द फुटत नाही. मग मी डिप्लोमाला बसू का परत सर्टिफिकेट करू?

तुमच्यात काही खोट नाहीये, परीक्षाच तशी आहे. जेएलपीटीत बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं, सगळं गोल काळे करायचं काम. १८० पैकी एन५ला ८० मिळाले की पास, फक्त ऐकण्यात ६० पैकी किमान १९ आणि बाकी भागात १२० पैकी ३८ पाहिजेत. म्हणजे ऐकण्यात २० आणि बाकीत ६५ मिळवलेला मुलगाही पास आणि तेच सर्टिफिकेट घेऊन येतो. म्हणून मी लेव्हल सांगण्याआधी सर्टिफिकेट नाही, स्कोअरशीट मागते. ऐकण्यात ४०च्या वर असाल तर बिनधास्त डिप्लोमा, बोलणं तिथे सुटेल. काठावर असाल तर पुन्हा पहिल्या लेव्हलच्या दुसऱ्या सेमिस्टरला बसायची सोय आहे का विचारा, खूप ठिकाणी असते आणि कोणी विचारतच नाही.

दोन लेव्हलच्या मध्ये अडकलोय. खालची सोपी वाटते, वरची अवघड. काय करू?

सगळे सांगतात खालची घे, पाया पक्का होईल. मी असं सरसकट सांगत नाही.

तुमची सगळ्यात कच्ची बाजू कुठली ते बघा. कच्चं फक्त कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, असेल तर वरच्या लेव्हलला जा. कांजी घरी बसून एकट्याने भरून काढता येते, वही आणि रोजचा अर्धा तास पुरतो, त्यासाठी सहा महिने खालच्या वर्गात बसून "कोरे वा हॉन देसु" (हे पुस्तक आहे) ऐकत राहायची काही गरज नाही. शब्दसंपत्तीचंही तेच. पण कच्ची बाजू क्रियापदाची रूपं असतील किंवा ऐकणं असेल तर गप खालची घ्या, कारण या दोन गोष्टी एकट्याने होत नाहीत, समोर माणूस लागतो, चुकलं की तिथल्या तिथे टोकणारं कोणी तरी लागतं. वरच्या वर्गात तेवढा वेळ सेन्सेईंकडे, म्हणजे शिक्षकांकडे, नसतो, ते धरूनच चालतात की तुम्हाला येतंय, आणि दिवाळीपर्यंत तुम्ही शेवटच्या बाकावर जाऊन पोचलेले असता.

ऍनिमे बघून बघून जॅपनीज येतं मला, सबटायटल लागत नाही. पहिली लेव्हल बोअर होईल ना?

होईल. तरी पहिलीच घ्यावी लागेल बहुतेक. ऍनिमेवाल्यांचे कान तयार असतात, उच्चार चांगले असतात, खरं सांगायचं तर वर्गात असे दोघं-तिघं असले की मला आवडतं. पण त्यांना साधा फॉर्म येतो आणि "देसु-मासु" येत नाही, म्हणजे मित्राशी भांडता येतं पण ऑफिसमधल्या माणसाला वेळ विचारता येत नाही, आणि लिहायचं म्हटलं की पाटी कोरी. काही जण तर "ओरे" आणि "ओमाए" (मी आणि तू, पण एकदम उद्धट) म्हणत इंटरव्ह्यूला जातात, अरे बाबा. प्लेसमेंट टेस्ट असेल तर नक्की द्या, ऐकण्यातले मार्क बघून कधी कधी मधल्या बॅचला टाकतात.

मराठी माणसाला जॅपनीज सोपी जाते म्हणतात, खरं का?

सुरुवातीला खूपच. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि खाऊन बघणे, घेऊन ठेवणे, करून टाकणे असली आपली जोडक्रियापदं जवळपास जशीच्या तशी तिकडे आहेत, ताबेते मिरु, कात्ते ओकु, शिते शिमाउ. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला जिथे आठवडा लागतो तिथे आपली मुलं पहिल्याच तासाला "हां, म्हणजे आपल्यासारखंच" म्हणून मोकळी होतात.

आणि नेमका तिथेच लेव्हलचा घोळ होतो. व्याकरण समजतंय म्हणजे आपण हुशार, ही लेव्हल आपल्यासाठी हलकी, असं वाटून पोरं वरच्या बॅचला जातात. मग तिथे कांजी अंगावर येते, वस्तू मोजायचे शब्द येतात (पेन्सिली मोजताना इप्पोन, निहोन, सानबोन, आकड्यानुसार रूप बदलतं), ऐकण्याचा वेग येतो, आणि यात मराठी काहीही मदत करत नाही. समजण्यावरून लेव्हल ठरवू नका, मराठी माणसाला समजतं लवकरच.

अजून एक, वहीत सगळं देवनागरीत लिहून घ्यायची सवय. पहिले आठ-दहा दिवस ठीक आहे. त्यानंतरही तुम्ही जॅपनीज वाक्य देवनागरीत लिहीत असाल तर कितीही धडे झाले असू देत, वरच्या लेव्हलचा विचार करू नका, कारण तिथे फळ्यावर देवनागरी नसते.

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला एन५ केलं होतं, मग चार-पाच वर्षं गॅप. आता अंबडला जॉब करतोय. परत सुरू करायचंय.

आधी पंधरा दिवस घरी जुनी वही काढा आणि मगच लेव्हल ठरवा. गॅपनंतर पहिल्या दिवशी काहीच आठवत नाही आणि माणूस घाबरून शून्यापासून फॉर्म भरतो, मग दुसऱ्या आठवड्यात सगळं परत यायला लागतं आणि वर्गात झोप येते. व्याकरण लवकर परत येतं, कांजी आणि शब्द जास्त उडालेले असतात. पंधरा दिवसांनी वर सांगितलेली धडा १४ आणि २०ची तपासणी करा. जेएलपीटीच्या सर्टिफिकेटला एक्स्पायरी नसते, त्यामुळे पात्रतेसाठी जुनं चालतं का ते विभागात विचारा. तुम्हाला ते झेपतंय का हा वेगळा प्रश्न.

प्लेसमेंट टेस्टची तयारी कशी करू?

करू नका. ही पास-नापासची परीक्षा नाहीये, कपड्याचं माप घेतात तसं आहे, पोट आत ओढून माप दिलंत तर शर्ट तुम्हालाच घट्ट होणार. आदल्या आठवड्यात ॲपवर दोनशे शब्द पाठ करून गेलात तर टेस्टमध्ये दिसतील आणि वर्गात दिसणार नाहीत. एवढंच करा, प्रश्न येत नसेल तर कोरा सोडा, अंदाजाने गोल मारू नका. जेएलपीटीत मारा, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही.

क्लास सुरू झाल्यावर कळलं की लेव्हल चुकली. आता?

पहिल्या दोन आठवड्यांत जाऊन सांगा. तिसऱ्या आठवड्यानंतर वरच्या बॅचचे धडे पुढे गेलेले असतात आणि ऑफिसमध्ये यादी गेलेली असते, मग कोणीच हलत नाही. "सोपं वाटतंय" एवढंच सांगू नका, काय येतंय ते सांगा, जमलं तर दाखवा. आणि पहिले दोन तास अवघड गेले म्हणून लगेच खाली पळू नका, सेन्सेईंच्या बोलण्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

एन४ झालं, आता एन३ म्हणजे एकच पायरी ना?

नाव एक पायरी आहे, चढ मात्र कसारा घाटाचा आहे. १९८४ला परीक्षा सुरू झाली तेव्हा चारच लेव्हल होत्या. तिसरीला, म्हणजे साधारण आताच्या एन४ला, ३०० कांजी आणि १५०० शब्द, आणि दुसरीला, म्हणजे आताच्या एन२ला, एकदम १००० कांजी आणि ६००० शब्द, अभ्यासाचे तास ३००वरून ६००. लोक मधेच अडकून पडायचे म्हणून २०१०ला मधे एन३ घातली. म्हणजे एन३ आहे ती त्या दरीत बांधलेल्या पुलासारखी, आणि पूल पण लांबच आहे. डिप्लोमा संपवून ॲडव्हान्स्डला जाणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत पहिले ५० धडे एकदा परत काढावेत. आता कांजीची अधिकृत यादी परीक्षेवाले देत नाहीत, त्यामुळे "एन३ला बरोबर अमुक कांजी" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे.

एन५ न देता थेट एन४ देता येते का? आणि सेंटर नाशिकला आहे का?

देता येते, खालची लेव्हल पास असायची अट जेएलपीटीत नाही. पण विद्यापीठाच्या डिप्लोमाला सर्टिफिकेट पास किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी मागतात, ते वेगळं, दोन्हीत गल्लत करू नका. परीक्षेला आपण पुण्याला किंवा मुंबईला जातो. जुलै आणि डिसेंबर, पहिला रविवार. फॉर्म परीक्षेच्या तीन-चार महिने आधीच निघतात आणि सीट पटकन भरतात, डिसेंबरची परीक्षा द्यायची आणि गणपती झाले तरी वेबसाइट उघडली नाही, असं करू नका. पुण्याला जाणार असाल तर आदल्या दिवशीच जा, सकाळच्या बसने संगमनेर-नारायणगाव-चाकणचं ट्रॅफिक पार करून वेळेत पोचण्यावर माझा विश्वास नाही.

कॉलेज नाशिकला आहे, डिग्री चालू आहे. सोबत पुण्याचा कोर्स करू शकतो का?

नियमाने हो. यूजीसीने २०२२ला दोन कोर्स एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, दोन्ही प्रत्यक्ष असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, हीच मुख्य अट. पण नियम आणि शरीर यात फरक आहे. दर वीकेंडला पुणे करणारी मुलं मी पाहिली आहेत, सोमवारी त्यांची तोंडं बघवत नाहीत. पहिली लेव्हल नाशिकला एखाद्या क्लासमध्ये किंवा ऑनलाइन करा आणि पुण्याची दगदग दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलसाठी राखून ठेवा. पहिल्या लेव्हलसाठी विद्यापीठाचा शिक्का लागतोच असं नाही, मात्र पुढे डिप्लोमाला ॲडमिशन देताना क्लासचं सर्टिफिकेट धरणार का हे आधीच विचारून घ्या, नाहीतर जेएलपीटी द्या.

बहीण नर्सिंग करतेय, तिला केअरगिव्हर म्हणून जपानला जायचंय. ताई, तिने ॲडव्हान्स्ड डिप्लोमापर्यंत करावं का?

एवढं लांब जायची सुरुवातीला गरज नाही. जपानने २०१९ला स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर नावाचा व्हिसा सुरू केला, त्याला जेएलपीटी एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही कॉम्प्युटरवरची परीक्षा चालते. केअरगिव्हिंगला वरून त्या कामाच्या जॅपनीजची वेगळी परीक्षा आणि कामाची परीक्षा असते. म्हणजे डिप्लोमापर्यंतचा अभ्यास पक्का पाहिजे, पण तिच्यासाठी बोलण्यावर भर देणारा कोर्स निवडा. कांजीच्या मागे लागलेला कोर्स नको. आजीबाईंना उठवताना, बसवताना बोलायचंय तिला. आणि लाखभर रुपये घेऊन "तीन महिन्यांत एन४ गॅरंटी" देणाऱ्यांकडे जाऊ नका, तासांचा हिशोब वर दिलाय तो लावून बघा.

जपानच्या विद्यापीठात एक्स्चेंजवर जातोय, तिथे कुठली लेव्हल मिळेल?

तिथे तुमची मार्कशीट फारशी कोणी विचारत नाही, गेल्यावर किंवा जायच्या आधी ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट घेतात आणि तेच लेव्हल ठरवतात. आपल्याकडे डिप्लोमा झालेल्यांना तिथे एक पायरी खाली टाकलं की फार लागतं. लागू देऊ नका. तिथे तास जास्त असतात, वर्गात इंग्रजी बोलत नाहीत, आणि बाहेर पडलं की सगळं जॅपनीजच, महिन्याभरात फरक पडतो. मास्टर्स इंग्रजीतून असेल तर ॲडमिशनला बऱ्याच ठिकाणी जॅपनीज लागतच नाही. डिग्री जॅपनीजमधून करायची असेल तर साधारण एन२च्या पुढची तयारी धरा.

बाबा विचारतात स्कोप किती. कुठल्या लेव्हलनंतर नोकरी?

नुसत्या भाषेवर नोकरी म्हणाल तर एन२च्या आधी फार अपेक्षा ठेवू नका. भाषा अधिक इंजिनिअरिंग, अधिक अकाउंट्स, अधिक नर्सिंग असं असेल तर एन४-एन३लाही कंपन्या विचारतात. बाबांना सांगा दोन-तीन वर्षांचं काम आहे.

फॉर्मवर आधीच्या ज्ञानाचा रकाना असतो, त्यात काय लिहू?

"बेसिक" असं लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. पुस्तकाचं नाव, कितव्या धड्यापर्यंत, कुठल्या वर्षी, आठवड्याला किती तास, आणि जेएलपीटी दिली असेल तर भागवार मार्क, नापास असाल तरी लिहा. "मिन्ना नो निहोंगो, धडा १८पर्यंत, २०२३, आठवड्याला ४ तास, एन५ नापास, ऐकण्यात ३१" एवढं वाचलं की कुठलेही सेन्सेई अर्ध्या मिनिटात सांगतील कुठे बसायचं ते.